थेंबाचा भाव

मराठी भाषेने डोळ्यांचे जेवढे हाल केले आहेत, तेवढे धुळीने आणि धुराने मिळूनही केले नसतील. आपल्याकडे डोळा लागतो, डोळे फिरतात, डोळे निवतात, डोळे मिटतात; कुणी कुणावर डोळा ठेवतो, कुणी कुणाला डोळ्यांत तेल घालून जपतो, आणि ह्या सगळ्यांवर ताण म्हणजे डोळे चक्क 'येतात'. जन्मापासून जागच्या जागी असलेले डोळे येतात कुठून आणि साथ ओसरली की जातात कुठे, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. २०२३ च्या पावसाळ्यात ते महाराष्ट्रभर इतके आले, की ज्याचे आले नाहीत तो माणूस लग्नाचे आमंत्रण न आल्यासारखा चेहरा करून हिंडत होता.

पण डोळ्यांना नुसती खाज सुटली, तर तिच्यासाठी मात्र आपल्याकडे एक धड प्रतिष्ठित शब्द नाही. 'मला खाज आहे' असे चारचौघांत सांगता येत नाही. लोक भलताच अर्थ काढतात. म्हणून आपण 'ॲलर्जी' म्हणतो. हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के नावाच्या बालरोगतज्ज्ञाने घडवला. पुढे भंडारा जिल्ह्यातली माणसे कारल्यापासून सासुरवाडीपर्यंत सगळ्या गोष्टींची ॲलर्जी सांगतील, ही त्या भल्या माणसाला कल्पना नसावी.

माझी ॲलर्जी मात्र अस्सल आहे. ती डोळ्यांतच राहते आणि सरकारी नोकरासारखी ठरल्या तारखेला हजर होते. दिवाळी झाली, धान कापला, शिवारात मळणीची यंत्रे धडधडू लागली आणि भुशाचा तो सोनेरी धूर आमच्या जवाहरनगराकडे वळला, की मी डोळे चोळायला लागतो. भुसा संपला तर गाजरगवत आहेच. हे गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरले आणि मग देशभर पसरले. पुण्याची गोष्ट असल्यामुळे ते आपण होऊन जायचे नाही, हे तेव्हाच ओळखायला हवे होते. आमच्याकडे त्याला काँग्रेस गवत म्हणतात. जवाहरनगरात काँग्रेस गवत माजावे ह्यात कुणी राजकारण पाहू नये. त्याचे पराग सर्व पक्षांच्या डोळ्यांना सारख्याच निःपक्षपातीपणाने झोंबतात.

आमचे जवाहरनगर म्हणजे आयुध निर्माणीची वसाहत. सरळ रस्ते, मोठाली झाडे, एकसारखी क्वार्टरे. कारखान्याच्या नोकरीमुळे इथे जबलपूर, कानपूर, आवडी, इछापूर असे देशभरचे लोक बदलून आले आणि येताना आपापली भाषा, आपापले लोणचे आणि आपापला डोळ्यांवरचा उपाय घेऊन आले. माझे लाल डोळे पाहून सकाळच्या फेरीत मला एका माणसाने गुलाबपाणी सांगितले, दुसऱ्याने मध, तिसऱ्याने कोथिंबिरीचा रस, चौथ्याने बकरीचे दूध. हे सगळे घातले असते तर डोळ्यांत एक बऱ्यापैकी चटणी तयार झाली असती. डोळ्यांच्या डॉक्टरणीला मी ही यादी सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "हे सगळं खा. डोळ्यांत घालू नका." त्यांनी डोळे तपासले, खाजेचे थेंब लिहून दिले, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवायला सांगितले आणि चोळायला सक्त मनाई केली. खाजऱ्या डोळ्याला 'चोळू नको' म्हणणे म्हणजे पंगतीत बसवून 'जेवू नको' म्हणण्यासारखे आहे. पण चोळल्याने खाज आणखी भडकते, हे मात्र खरे.

इथपर्यंत सगळे चार माणसांसारखे झाले. पण चार माणसे चिठ्ठीवरची बाटली घेऊन घरी जातात. मी तक्ता केला.

तक्ता हा माझ्या रक्तातला दोष आहे. माझी उभी हयात सरकारी खरेदीच्या कागदांत गेली. खिळा घ्यायचा असो की क्रेन, तीन ठिकाणचे दर मागवायचे, मोठ्या कागदावर उभ्याआडव्या रेघा मारायच्या आणि 'तुलनात्मक तक्ता' मांडायचा. ज्याचा दर सर्वांत कमी त्याला आमच्या भाषेत 'एल-वन' म्हणायचे. १ ऑक्टोबर २०२१ पासून आमची निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेड ह्या सरकारी कंपनीकडे गेली, मी त्याच्या आधीच निवृत्तीकडे गेलो; पण तक्ता काही गेला नाही. मुलीच्या लग्नात मी मंगल कार्यालयांचा तक्ता केला, आचाऱ्यांचा केला, बँडवाल्यांचा केला. तेव्हा आमच्या हिने विचारले होते, "मला पाहायला आला होता, तेव्हाही केला होता का तक्ता?" मी म्हटले, "नाही. ते सिंगल टेंडर होतं." त्यावर ती म्हणाली, "म्हणून तर मिळाली." ह्या वाक्याचा नेमका अर्थ लावण्याचे धैर्य मला आजवर झालेले नाही.

तर मी वही घेऊन मेडिकलमध्ये गेलो. काउंटरवरचा पोरगा मला ओळखतो. मला पाहिले की तो आधी सुस्कारा टाकतो आणि मग नमस्कार करतो.

"बोला काका."

"डोळ्यांच्या खाजेचे थेंब दाखव. चिठ्ठी आहे."

"कोन्ते देऊ? चिठ्ठीवर तर औषधाचं नाव लिवलं आहे, कंपनीचं नाई. स्वस्तातले का चांगल्यातले?"

"दोन्ही दाखव."

त्याने पाच-सहा डब्या मांडल्या. "हा घ्या जी. हा जास्त चालते."

आमच्याकडे औषध गुण देते की नाही हे विचारायची पद्धत नाही. ते 'चालते' की नाही हे विचारतात. मी भिंग काढले आणि डबीच्या बुडाशी, मुंगीच्या पायाने लिहिल्यासारखी जी अक्षरे असतात ती वाचू लागलो. माझ्या मागे रांग लागली. एका बाईंनी "काका पेपर वाचून राहिले का?" असे पोराला विचारल्याचे मी ऐकले. पण खरेदी म्हणजे खरेदी.

आणि पहिल्याच फेरीत शोध लागला. पाच डब्यांची पाच नावे होती. एक नाव एखाद्या ग्रीक वीराचे वाटावे, एक परदेशी साबणाचे, एक नव्या नटीचे. पण बुडाशी चार डब्यांवर औषध एकच होते, ओलोपॅटाडीन. कुंभमेळ्यात हरवलेल्या भावांसारखे हे चौघे चार घरी वाढून चार दरांनी विकले जात होते. दोघांच्या तर दंडावरचे गोंदणसुद्धा एकच निघाले: विकणाऱ्या कंपन्या निरनिराळ्या, पण 'तयार करणार' म्हणून हिमाचलातल्या बद्दीचा एकच पत्ता. हा काही काळाबाजार नव्हे. एका कारखान्याने अनेक कंपन्यांसाठी औषध बनवून देणे हा आपल्याकडचा रीतसर धंदा आहे. फक्त गिऱ्हाईक नावाचे पैसे देतो आणि आपण औषधाचे दिले असे समजतो.

मी डब्या परत ठेवल्या, आकडे घेतले आणि घरी येऊन रेघा मारायला बसलो.

आता वाचकाने थोडा वेळ शाळेत जावे. आकडे मी सोयीसाठी गोल धरतो, कारण दर कंपनीगणिक आणि वर्षागणिक बदलतात. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटी बाराचा पाच टक्के झाला तेव्हा मला सगळा तक्ता खोडून पुन्हा मांडावा लागला होता. समजा, पहिली बाटली ५ मिलिलिटरची, औषध ०.१ टक्का, किंमत १०० रुपये. दुसरी तेवढीच, पण औषध ०.२ टक्के, किंमत १५० रुपये. तिसरी १० मिलिलिटरची, ०.१ टक्क्याची, किंमत १७० रुपये. सांगा, स्वस्त कोणती?

"शंभराची," ही स्वयंपाकघरातून म्हणाली. तिचा हिशेब बाटलीवर थांबतो.

पण खरेदीतला माणूस बाटलीवर थांबत नाही. मिलिलिटरने पाहिले तर पहिली २० रुपयांना पडते, दुसरी ३० ला, तिसरी १७ ला. म्हणजे थोरली बाटली एल-वन. मी ते तांबड्या शाईने लिहिले आणि चहा मागितला. चहा येईपर्यंत लक्षात आले, की डोळ्यांत आपण मिलिलिटर घालत नाही, थेंब घालतो. ठोकळमानाने एका मिलिलिटरचे २० थेंब धरतात. ५ मिलिलिटरचे १०० झाले. ०.१ टक्क्याचे औषध दिवसातून दोनदा घालायचे असते, दोन डोळे धरून रोजचे ४ थेंब. म्हणजे पहिली बाटली २५ दिवस चालेल, रोजचा खर्च ४ रुपये. ०.२ टक्क्याचे मात्र दिवसातून एकदाच. रोजचे २ थेंब, बाटली ५० दिवस, रोजचा खर्च ३ रुपये! म्हणजे सर्वांत महाग दिसणारी दीडशेची बाटली एल-वन. मी तांबडी शाई खोडून हिरवीने लिहिले. चहा निवला.

इतक्यात डबीवरचे शेवटचे वाक्य भिंगाखाली आले: 'बाटली उघडल्यावर एक महिन्याच्या आत वापरावी.' हे वाक्य डोळ्यांच्या बहुतेक थेंबांवर असते आणि बहुतेक घरांत ते कुणी वाचत नाही. बाटलीचे तोंड रोज उघडते, हवेला लागते, पापणीला लागते. महिन्याभरानंतर आत औषधाबरोबर आणखी कोण राहायला आले आहे ह्याची खात्री नसते. खाजेच्या औषधाने भलतेच डोळे 'येऊ' नयेत म्हणून ते फेकायचे. झाले! पन्नास दिवसांची बाटली तिसाव्या दिवशी फेकली की रोजचा खर्च ३ नव्हे, ५ रुपये. आणि तिसरी, ती सतराच्या दराची थोरली? तिच्यात २०० थेंब, पण महिन्यात वापरले जाणार १२०. ८० थेंब मोरीत. १७० भागिले ३०, म्हणजे रोजचे साडेपाच रुपयांच्याही वर. मिलिलिटरला सर्वांत स्वस्त तीच दिवसाला सर्वांत महाग निघाली. आणि पहिली शंभराची बाटली चार रुपयांवर शांतपणे एल-वन होऊन बसली.

"शंभराचीच निघाली," मी हळूच जाहीर केले.

"अर्ध्या तासापूर्वी मी काय म्हटलं होतं?" ही म्हणाली. बायकांना उत्तर आधी येते आणि पुरुष रीत लिहून गुण मिळवतात, हे आमच्या घरातले जुने गणित आहे.

पण हे उत्तरही सगळ्यांचे एक नाही. ज्याचा मोसम दहाच दिवसांचा, त्याला काही कंपन्या काढतात ती ३ मिलिलिटरची कुपी पुरे. ज्याला दुपारी आठवणीने दुसरी पाळी घालता येत नाही, त्याला एकवेळचे औषध रोज रुपया जास्त देऊनही परवडते. कारण न घातलेल्या थेंबाइतके महाग औषध दुसरे नाही.

सर्वांत मोठी उधळपट्टी मात्र कंपनी करत नाही, आपण करतो. बाटलीतून पडणारा एक थेंबही डोळ्याच्या खोबणीत पुरता मावत नाही. आत जेमतेम ३० मायक्रोलिटरची जागा, आणि थेंब बहुधा त्याहून मोठा. म्हणजे एका थेंबातलाच थोडा भाग बाहेर ओघळतो. तरीही आपण 'राहू दे, बरं असतं' म्हणून दुसरा थेंब टाकतो. पहिला थेंब डोळ्याला, दुसरा गालाला. गालाला ॲलर्जी नसते. रोज दोन-दोन थेंब टाकणाऱ्याची शंभराची बाटली साडेबारा दिवसांत संपते आणि चार रुपयांचे आठ होतात. त्यापेक्षा डोके मागे टेकावे, खालची पापणी ओढून जरा खिसा करावा, एकच थेंब आत सोडावा, डोळा मिटावा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरावा. हा उपाय फुकट आहे, त्याला जीएसटी नाही आणि तो दर अर्ध्यावर आणतो. इतकी मोठी सूट मला आख्ख्या नोकरीत एकाही ठेकेदाराने दिली नव्हती.

तक्त्याची कीर्ती वसाहतीत पसरली. कीर्ती म्हणजे आमची ही नळावर बोलली. एका संध्याकाळी वरच्या क्वार्टरमधल्या वहिनी खाली आल्या. ह्या भंडाऱ्याच्याच, वैनगंगाकाठच्या. बोलणे कसे ओल्या मातीसारखे.

"काका, तुमच्या कागदात आमच्याबी बाटलीचं नाव टाका न जी. सगळ्याहून सस्ती हेच आहे. अन् गुन तर असा, का सकाळी टाकलं का सांजेपर्यंत पोराचे डोळे पांढरे फक्क."

पोरगा बारा वर्षांचा. दर उन्हाळ्यात त्याचे डोळे खाजायचे, लाल व्हायचे, उजेडात उघडायचे नाहीत. मुलांमध्ये, त्यातही मुलग्यांमध्ये, आणि आमच्यासारख्या उष्ण प्रदेशात असा हट्टी खाजरा आजार दिसतो. मोसम आला की परततो आणि बहुतेकदा वयात आल्यावर सुटतो. वहिनी दोन उन्हाळे हे थेंब घालत होत्या. मी बाटली हातात घेतली. किंमत पाहिली. खरोखरच माझ्या तक्त्यातल्या सगळ्या बाटल्यांना तिने मागे टाकले असते. निव्वळ एल-वन.

सवयीप्रमाणे भिंग लावले. 'क्लोरॅम्फेनिकॉल', त्याखाली 'डेक्सामेथासोन', कोपऱ्यात तांबड्या चौकटीत ताकीद: नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये.

"वहिनी, ह्याची चिठ्ठी कुणाची?"

"आमच्या जाऊबाईची जी. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तवा डाक्टरनं देल्लं होतं. उरलं होतं तं पोराच्या डोळ्यात टाकलं, अन् गुन आला. मंग तेच आनून राहिलो."

वहिनींना दोष देण्यात अर्थ नाही. घरात उरलेले वाया जाऊ न देणे हा आपल्याकडे गृहिणीचा गुण मानतात. उरलेल्या भाताचा फोडणीचा भात होतो, उरलेल्या लोकरीचे टोपडे होते. पण एका डोळ्याचे उरलेले औषध दुसऱ्या डोळ्याला होत नाही. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. ऑपरेशननंतर डॉक्टर ते मोजून दिवस देतात, डोळा तपासत देतात आणि हळूहळू कमी करत थांबवतात. तिथे ते अमृत आहे. पण तेच महिनोन्महिने आपल्या मनाने चालू राहिले, तर काही डोळ्यांच्या आतला दाब वाढतो. त्यातून काचबिंदू होऊ शकतो. तो दुखत नाही, खुपत नाही, हाक मारत नाही; नजर काठाकाठाने खात जातो, आणि गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. डोळे बाहेरून पांढरे फक्क, आणि आत हे.

मी वहिनींना एवढे सगळे सांगितले नाही. एवढेच म्हटले, "उद्याच नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊ. ही बाटली बरोबर घ्या." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि भाव विचारायचे सोडून दिले.

नागपूर आमच्यापासून तासाभराचे. पोराने बसमध्ये खिडकी मागितली आणि आईने ती धुळीच्या भीतीने लावून घेतली. तपासणीत दोन्ही डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला. मागची नस मात्र अजून शाबूत होती. डॉक्टरांनी ते थेंब बंद कसे करायचे ते आखून दिले, दाब उतरवायला एक औषध दिले, खाजेला स्टेरॉइड नसलेले दुसरे दिले आणि दर थोड्या दिवसांनी यायला सांगितले. "वेळेवर आणलंत," एवढेच ते बोलले. वहिनी परतीच्या वाटेवर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सस्ती होती म्हनून नाई जी आनली. गुन होता म्हनून आनली."

हे वाक्य माझ्या तक्त्यात कोणत्या रकान्यात लिहावे ते मला कळले नाही. मी रकाने भावाचे आखले होते. तपासणीची फी, बसचे भाडे, बुडालेली मजुरी, दाबाचे औषध, ह्या सगळ्यांची बेरीज त्या एल-वन बाटलीच्या खात्यावर मांडली तर ती यादीत सर्वांत खाली जाऊन बसते. आणि ज्याची किंमत मांडता येत नाही ते थोडक्यात वाचले.

फळीवर ह्या सगळ्या बाटल्या शेजारीशेजारी बसतात, हा खरा घोटाळा आहे. एक नुसते कृत्रिम अश्रूंचे पाणी: डोळा धुते, ओला ठेवते, खाज फारशी मारत नाही. एक खाजेचे. एक लाली उतरवणारे, नाफाझोलीनसारखे. ते रक्तवाहिन्या आवळून डोळा पांढरा दाखवते आणि रोज घालत राहिले तर लाली व्याजासकट परत करते. आणि एक स्टेरॉइडचे. चौघांनाही आपण 'डोळ्यांचा ड्रॉप' म्हणतो आणि भाव विचारतो. हे म्हणजे तांदूळ, चुना, रवा आणि रांगोळी पांढऱ्या म्हणून एकाच तक्त्यात बसवण्यासारखे झाले.

माझा भाचा अमेरिकेत आहे. त्याला फोनवर ही हकिगत सांगितली तेव्हा तो म्हणाला, "मामा, आमच्याकडे ओलोपॅटाडीन ओव्हर द काउंटर झालंय." खरे आहे, तिथे फेब्रुवारी २०२० मध्ये ते चिठ्ठीच्या औषधांतून काढून खुल्या विक्रीला दिले. त्याआधी २००६ मध्ये कीटोटिफेन नावाचे खाजेचे थेंब असेच खुले केले होते. तपासण्या झाल्या, अर्ज झाले, सरकारने विचार केला आणि मग बाटली काउंटरच्या अलीकडे आली. मी त्याला म्हटले, "बाबा रे, तुमच्याकडे काउंटर हा कायदा आहे. आमच्याकडे ते फर्निचर आहे." आपल्या १९४० च्या औषध कायद्यात आणि १९४५ च्या नियमांत 'ओव्हर द काउंटर' म्हणून वेगळा वर्गच नाही, जे चिठ्ठीच्या यादीत नाही ते आपोआप खुले. आणि जे यादीत आहे, तेही पलीकडचा माणूस भिडस्त असला आणि अलीकडचा ओळखीचा असला की आपोआप खुले.

ह्यानंतर मला माझ्याच धंद्यातली एक गोष्ट आठवली. मोठ्या खरेदीत निविदा दोन लिफाफ्यांत येतात. पहिल्यात माल काय, कसला, आपल्याला हवा तोच आहे का. दुसऱ्यात फक्त भाव. पहिला लिफाफा तपासून जो उतरला त्याचाच दुसरा फोडायचा. बाकीच्यांचा भाव कितीही कमी असला तरी तो न पाहता बाजूला. ही पद्धत ज्याने काढली तो फार शहाणा माणूस असला पाहिजे; त्याला ठाऊक होते की एकदा का कमी आकडा डोळ्यांना दिसला, की माणसाला मालातले दोष दिसेनासे होतात. आम्ही खिळ्याबोल्टांसाठी एवढी काळजी घेत होतो.

मी नवा तक्ता केला. पहिला रकाना: डॉक्टरने डोळा पाहून काय सांगितले. दुसरा: बुडाशी लिहिलेले औषध तेच का. तिसरा: टक्केवारी तीच का. हे तीन जुळले की मग खुशाल भाव पाहावा, रोजचा खर्च काढावा आणि नावाचे पैसे वाचवावेत. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी दुकानांत तर बाटलीवर औषधाचेच नाव मोठे असते. भिंगाची गरज पडत नाही. आमच्या वसाहतीत अजून काहींना वाटते, की स्वस्त म्हणजे त्यात पाणी जास्त. डोळ्यांच्या थेंबांत पाणी सगळ्यांच्यातच जास्त असते, ०.१ टक्का औषध म्हणजे बाकी जवळजवळ सगळे पाणीच, हे मी त्यांना समजावून सांगतो. त्यामुळे त्यांचा महागड्या बाटल्यांवरचाही विश्वास उडतो, ते निराळे.

वहिनींचा पोरगा आता बरा आहे. दाब उतरला, तपासणीच्या फेऱ्या चालू आहेत. उन्हाळ्यात डोळे थोडे खाजतात, तांबूसही दिसतात, वहिनी म्हणतात, "राहू द्या जी तांबूस. पांढऱ्याची भीती वाटते आता." तो रोज संध्याकाळी माझ्याकडे थेंब घालून घ्यायला येतो, कारण एकाच थेंबात नेम मारणारा वसाहतीत मीच एकटा आहे, अशी त्याची समजूत आहे. परवा त्याने मला विचारले, "काका, तुमचे एका थेंबाचे किती?"

मी सांगितले, "एक रुपया."

तो म्हणाला, "मग माझ्या गालावर गेले ते चार आणे परत द्या."

पोरगा खरेदी खात्यात चांगले नाव काढील.